गाडीचं दार लावताना




मागच्या वैशाखातली गोष्ट. आम्ही उकव्याहून रामटेकला दर्शनाला निघालो. व्हॅनमध्ये सात माणसं आणि आमचा मोती. घरी त्याला बघायला कोणी नव्हतं, आणि मुलं काही ऐकेनात. पहाटे निघालो तेव्हा इकडे जंगलाचा गारवा होता. गांगुलपाऱ्याचा घाट उतरलो आणि ऊन चटका द्यायला लागलं. गडावर पोचेपर्यंत अकरा वाजले. तिथं माकडं फार, मोती बिथरला असता. म्हणून त्याला गाडीतच ठेवायचं ठरलं. गाडी झाडाच्या सावलीत लावली, काचा चार बोटं खाली घेतल्या. "दहा मिनिटांत येतो रे बाबा," असं सांगून आम्ही गेलो.

रांग होती. मग प्रदक्षिणा, मग फोटो, मग प्रसाद. पाऊण तास गेला.

परत आलो तर सावली सरकून गेलेली. मोती सीटखाली पडला होता. धाप लागलेली, तोंडातून घट्ट लाळ, उठायला बघे पण पाय लटपटत. वहिनींनी आमच्या पिण्याच्या पाण्याचा कॅन त्याच्या पोटावर आणि पायांवर रिकामा केला, पोरांनी पुठ्ठ्यानं वारा घातला, आणि तसंच ओलं जनावर घेऊन आम्ही डॉक्टर गाठले. वाचला.

वाटेत आई म्हणाली, "देवाच्या दारात होता म्हणून वाचला गं." मी गप्प होतो. देवाच्या दारात होतो म्हणूनच आम्हाला त्याची आठवण राहिली नव्हती, हे बोलायचं कसं?

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आम्ही त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट प्रेमानं बरोबर नेलं. मग पाप कशाचं? आपल्या गल्लीतली कुत्री बघा. दुपारी ती नालीच्या ओल्या मातीत बसतात, हापशीखाली पाणी पितात. त्यांना कोणी शिकवत नाही, ती स्वतःला सांभाळतात. मोतीलाही ते आलं असतं. आम्ही दार लावलं आणि त्याची ती ताकद काढून घेतली. ज्याचा मार्ग आपण बंद केला, त्याचा सगळा भार आपल्यावर येतो. "हेतू चांगला होता" एवढ्यानं तो भार उतरत नाही, असं मला वाटतं.

युधिष्ठिराच्या शेवटच्या प्रवासातला कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. तो कुत्रा म्हणजे धर्मच होता, हे आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. पण युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. साधं कुत्रं समजूनच त्यानं स्वर्ग नाकारला. आणि ते कुत्रं तर आपल्या मर्जीनं मागं आलं होतं. मोतीला आम्ही उचलून नेलेला.

आपण गुरूंना शरण जातो म्हणजे काय करतो? सगळा भार त्यांच्यावर टाकून निश्चिंत होतो. मोतीनं आमच्याबाबत तेच केलं होतं. "दहा मिनिटांत" म्हटलं, त्यानं विश्वास ठेवला.

आता थोडं व्यवहाराचं, कारण नुसती हळहळ उपयोगाची नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. गाडीतली हवाच तापली की धापेचाही उपयोग होत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातलीच. काचा थोड्या उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, हिशोब तुम्हीच करा. म्हणजे चार बोटं काच आमच्या मनाच्या समाधानापुरती होती. सावली सरकते, आणि एसी लावून ठेवला तरी इंजिन बंद पडू शकतं. माणूस जवळ पाहिजे, आणि दार उघडं. लहान लेकरांचंही तसंच.

पण मग एकाचं दर्शन चुकतं. इथंच खरी अडचण आहे, आणि बहुतेक घरांत ती सून सोडवते. "तुम्ही जाऊन या, मी थांबते." तिला कोणी पुण्यवान म्हणत नाही, पिशव्याही तिच्याच जवळ. एकनाथ महाराजांनी रामेश्वराला वाहायची गंगा वाटेत तहानेल्या गाढवाला पाजली, ती त्यांनी स्वतःच्या कावडीतली पाजली. दुसऱ्याला पाजायला लावली नाही.

यंदा पुन्हा रामटेकला गेलो. खरं तर मोतीला शेजाऱ्यांकडे ठेवायचं होतं, पण त्यांच्याकडे लग्न निघालं. पाण्याचे दोन कॅन जास्तीचे घेतले आणि गडाखाली झाडाच्या बुंध्याशी पट्टा धरून मी बसलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जा, मला सवय आहे." मी त्यांनाच आधी पाठवलं. सावली तीनदा सरकली, तीनदा आम्ही दोघं जागा बदलून बसलो. मला वर जायला दुपारचे दोन वाजले.