वार कुणाची?

बुऱ्हाणपूरच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला मृत्यू एका बाळंतिणीचा आहे. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथे गेली आणि तापीपलीकडे झैनाबादला तिचं पहिलं दफन झालं. चौदा मुलांपैकी सात जगली, एवढा हिशेब इतिहासाने ठेवला. जे गर्भ पडतात त्यांचा हिशेब मात्र कुठल्याच घरात कुणी ठेवत नाही. तीनदा क्युरेटिंग झालेल्या बाईबद्दल 'हिला दिवस टिकत नाहीत' एवढंच बोललं जातं, आणि दोष परस्पर तिच्या पदरात पडतो.

जीवशास्त्र या निवाड्याला दुजोरा देत नाही. गर्भाला पोसणारी वार आईच्या गर्भाशयात रुजते, पण घडते ती फलित बीजाच्या पेशींपासून. म्हणजे तिच्यातली निम्मी जनुकं बापाची. शिवाय काही जनुकांवर ती कुणाकडून आली याची रासायनिक खूण असते आणि त्यांची एकाच बाजूची प्रत चालते. १९८४ मध्ये अझीम सुरानी यांच्या गटाने, तसंच मॅकग्रा आणि सोल्टर यांनी, उंदरांवर दाखवलं की आई आणि बाप दोघांचेही गुणसूत्रसंच लागतात. दोन्ही गुणसूत्रसंच आईकडचे असले की वार खुरटते. दोन्ही बापाकडचे असले तर वारेच्या पेशी वाढतात, गर्भच नीट घडत नाही.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत नफिसा बालासिनोर यांच्या गटाने हाच धागा पुढे नेला. वारंवार आणि विनाकारण वाटणारे गर्भपात झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांचे शुक्राणू त्यांनी तपासले. वीर्याचा नेहमीचा अहवाल चांगला असूनही काहींमध्ये एच-१९ या जनुकाजवळची खूण फिकी झालेली आढळली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही खूण पुसली की शेजारचं, वाढीला लागणारं आयजीएफ-२ जनुक मंदावू शकतं.

मग आता बापाला पिंजऱ्यात उभं करायचं? तेही चूकच. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमागे गुणसूत्रांच्या संख्येतली चूक असते. ती बहुधा स्त्रीबीजात, योगायोगाने होते आणि वयाबरोबर वाढते. बाईच्या वागण्या-खाण्याशी त्या चुकीचा संबंध नसतो. पडलेल्या गर्भाच्या वारेतल्या जनुकांचं काम मोजणाऱ्या अभ्यासांनाही मर्यादा आहे. ऊती हाती येते गर्भ गेल्यावर, त्यामुळे मंदावलेलं जनुक हे कारण की परिणाम, ते सांगणं अवघड. अशा संशोधनावरून महागड्या तपासण्या विकणाऱ्यांपासून सावधच राहावं.

पण आजच करता येईल असं बरंच आहे. क्युरेटिंगनंतरची ऊती फॉर्मेलिनमध्ये टाकली की पेशी मरतात आणि गुणसूत्रांसाठी त्या वाढवता येत नाहीत. थोडा भाग आधीच सलाइनमध्ये वेगळा ठेवायला हवा. बाईचं थायरॉइड, गर्भाशयाची रचना आणि रक्त गोठवणारी प्रतिपिंडं तपासायला हवीत, कारण त्यांतल्या काहींवर उपाय आहेत. गरजेप्रमाणे गुणसूत्रं दोघांचीही तपासावीत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना पुरुषाची जीवनशैली विचारायला सांगतात आणि त्याच्या शुक्राणूंच्या डीएनएची तपासणीही विचारात घ्यायला सांगतात.

बुऱ्हाणपूरहून जळगावला वा इंदूरला उपचारासाठी निघालेल्या जोडप्यातला नवरा अनेकदा बाहेरच्या बाकावर बसून राहतो. डॉक्टरांनी त्याला आत बोलवावं आणि केसपेपरवर दोघांची नावं लिहावीत.