एकांत आणि उचल



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं. योग्याने एकट्याने, एकांतात, शुद्ध जागी आसन मांडावं, एवढंच गीता सांगते. माऊलींनी मात्र ती जागा डोळ्यांपुढे उभी केलीय. दाट झाडी, निर्मळ पाणी, साधकांशिवाय कुणाचं पाऊल नाही, आडबाजूला एखादा मठ किंवा शिवालय. विलासी माणसानं पाहिली तर त्यालाही राज्य सोडून इथंच राहावंसं वाटेल, असं ते म्हणतात.

हे वाचलं की मला ब्रह्मगिरी आठवतो. त्र्यंबकेश्वरहून गंगाद्वाराच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आपल्या शिरूरच्या उघड्या माळावरच्या माणसाला तो काळा कडा बघूनच धाप लागते. (माकडांपासून प्रसाद सांभाळा, हे जाणाऱ्यांना सांगून ठेवतो.) वर कड्याच्या पोटात नाथांच्या गुहा दाखवतात. आत गार अंधार. तिथं बसलो आणि खरं सांगतो, उठावंसं वाटेना.

याच डोंगराला विठ्ठलपंत कुटुंबासह प्रदक्षिणा घालत होते. वाघ आला, पळापळ झाली, थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसलेले. ज्यांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, चिंचोलीच्या गडावर मानतात, तेच. त्यांनी पोराला उपदेश दिला आणि खाली लोकांत पाठवलं. तिथंच ठेवून घेतलं नाही.

हे आज लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या भागातला एक जण घर सोडून मठात जाऊन राहिलाय. माणूस वाईट नाही, माळकरी आहे. त्याची बायको परवा आली. म्हणाली, "अण्णा, त्यान्ला देव भेटावा, माझं काय म्हणणं न्हाई. पण मुकादमाची उचल कोण फेडणार, तेवढं सांगा." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई गेली तर अर्धा कोयता. उचल मात्र पुरती घेतलेली.

तिला काय सांगायचं? एकांत खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. गहिनीनाथ गुहेत बसले नसते तर भेदरलेल्या पोराला तिथं कोण भेटलं असतं? कुणीतरी तिथं बसलेलं असावंच लागतं.

पण निवृत्तीच्या वडलांचं बघा. विठ्ठलपंतांनीही घर सोडून काशीत संन्यास घेतला होता. मागे तरणी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना आळंदीला परत पाठवलं. शिष्याचा एकांत गुरूला महत्त्वाचा वाटला नसेल का? वाटलाच असेल. तरी रुक्मिणीबाईंचं दुःख त्यांना त्याहून जड वाटलं. परत आल्याबद्दल समाजानं त्या घराला वाळीत टाकलं, छळ केला, तो भाग वेगळा. माझ्या मते त्यात गुरूंची चूक नव्हती, समाजाची होती. आणि त्याच परतलेल्या संसारात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई जन्मली.

ग्रीस देशात मेटेओरा म्हणून जागा आहे. उभ्या सुळक्यांवर ख्रिस्ती साधूंचे मठ. आधी ते कपारीतल्या गुहांत राहायचे, मग वर मठ बांधले. पायऱ्या नव्हत्या तेव्हा माणसं आणि शिधा दोराला जाळं बांधून वर ओढत. मला त्या जाळ्यातल्या धान्याचं कुतूहल वाटतं. सुळक्यावर शेत किती असणार? ते खालच्या कुणाच्या तरी रानातून आलेलं. त्या माणसानं ते आपखुशीनं दिलं असेल तर गोष्ट निराळी. इथं या बाईला तर कुणी विचारलंच नाही.

गहिनीनाथांच्या मागे कुणाची उचल राहिल्याचं ऐकिवात नाही. याच्या मागे आहे, आणि दोन लेकरंही.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी मी त्या मठात जाऊन त्याला विठ्ठलपंतांची गोष्ट सांगणार आहे. त्याला ती पाठ असेल म्हणा, कीर्तनात बसणारा माणूस. ऐकेल न ऐकेल. बाईला मात्र सांगून ठेवलंय, मुकादमाशी बोलायला मी सोबत येतो.

उद्या पुढच्या ओव्या. राम कृष्ण हरी.