पोरं आजीकडे, दोघं अंदमानला

सातारा जिल्ह्यात देवांची लग्नं दरवर्षी लागतात. कराड तालुक्यातल्या पालला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न गोरज मुहूर्तावर लागतं आणि तारळी नदीचा काठ भंडाऱ्यानं पिवळाधमक होतो. म्हसवडच्या सिद्धनाथ-जोगेश्वरीला दिवाळीत हळद लागते, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लग्न होतं, आणि मार्गशीर्ष प्रतिपदेला रथातून वरात निघते. गावंच्या गावं अक्षता टाकायला लोटतात. त्याच गर्दीतल्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला मात्र त्यांच्या लग्नाची तारीख विचारा. ‘दुष्काळाच्या आदल्या साली’ एवढंच उत्तर येईल. देवाच्या लग्नाची तिथी सगळ्या गावाला पाठ असते, स्वतःच्या लग्नाची मात्र लक्षात ठेवावी असं कुणाच्या मनातच येत नव्हतं.

जोडीनं घराबाहेर पडायला बंदी होती असं नाही, पण त्याला देवाचं निमित्त लागायचं. लग्नानंतर नव्या नवरीला उचलून जेजुरीच्या पायऱ्या चढायच्या, जोतिबाला जायचं, घरी आल्यावर उपरण्याची गाठ मारून सत्यनारायणाला बसायचं. त्यानंतर दोघांनीच म्हणून जायचं ते थेट काशीला. तेही पोरीबाळींची लग्नं उरकल्यावर, गुडघे बोलायला लागल्यावर. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ती दोघं कुणाचे आई-बाप, कुणाची सून, कुणाचे कारभारी असायची. नवरा-बायको म्हणून त्यांच्या वाट्याला आलेला काळ कुणी मोजला नाही.

म्हणून साताऱ्याचा एखादा शिक्षक किंवा तासगावचा द्राक्षबागायतदार लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी पोरांना आजीकडे ठेवून बायकोसोबत अंदमानला जातो, तेव्हा ‘पैसा आला की अशी थेरं सुचतात’ हे ऐकून मला राग येतो. पैसा लागतो, हे खरंच. पण सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर दिसतं की पोटासाठी इथल्या माणसांनी सगळ्यात आधी काही मोडून खाल्लं असेल तर तो दोघांचा वेळ.

पाटण, जावळी, खटाव, माण इथली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं मुंबईला गेली ती एकटीच. मसजिद बंदरला पोती उचलायची, एका गाळ्यात दहा-पंधराजणांनी पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली, 1969 साली माथाडी कायदा झाला, मजुरीला संरक्षण मिळालं. ते मोठंच काम होतं. पण गाळ्यात बायकोला जागा नव्हती. ती गावी, सासूच्या नजरेखाली. नवरा यायचा तो शिमग्याला, गणपतीला आणि गावच्या जत्रेला. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक छोटीशी पट्टी असायची. दोन ओळी मावतील एवढीच. नवऱ्यानं त्यावर कुणाकडून तरी लिहून घ्यायचं आणि इकडे पोस्टमननं सोप्यात उभं राहून ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचायचं. त्या दोन ओळींत बायकोसाठी वेगळं काय लिहिणार? म्हशीची, औषधाची, भावकीतल्या वादाची चौकशी व्हायची. कित्येक संसार त्या पट्टीत मावतील एवढ्याच शब्दांवर चालले.

सांगलीकडे विटा, खानापूर, आटपाडीची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला पार तमिळनाडू-केरळपर्यंत पसरली. तिथं बायकोला सोबत नेता येई, पण मग शाळेसाठी पोरं गावी आजीजवळ राहात. म्हणजे पोरांना आजीकडे ठेवून जोडप्यानं लांब जाणं आपल्याकडे मुळीच नवीन नाही. पोटासाठी केलं तर कुणी नावं ठेवत नाही. चार दिवस एकमेकांसाठी केलं की भुवया वर जातात.

त्या भुवयासुद्धा बाईसाठीच वर जातात. ‘पोरांना सोडून कसं गं जाववतं तुला?’ हा प्रश्न मी कितीतरी बायकांना विचारला गेलेला ऐकला आहे, त्यांच्या नवऱ्यांना एकदाही नाही. तोच नवरा मित्रांबरोबर गाडी काढून गोव्याला किंवा तिरुपतीला जाऊन येतो तेव्हा पोरांचं कसं होईल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आईनं मात्र निघण्याआधी आठवडाभर डबे भरायचे, पोरांच्या कपड्यांच्या घड्या दिवसवार लावायच्या, आणि तरीही आपण काहीतरी चोरून नेतोय असं तोंड करून निघायचं. हे तोंड तिला कुणी दिलं, ते नीट विचारायला हवं.

तारखेचीही अडचणच आहे. आपल्याकडची लग्नं लगीनसराईतली, त्यामुळे लग्नाचे वाढदिवस बहुतेकांचे एप्रिल-मेमध्ये. पण मान्सून सगळ्यात आधी येतो तो अंदमानलाच, मेच्या विशीत, केरळच्याही आधी. समुद्र खवळला की बेटाबेटांमधल्या बोटी कधी बंद राहतील सांगता येत नाही. चांगला काळ म्हणजे हिवाळा. तेव्हा द्राक्षाची बाग मालावर असते, अवकाळीची आणि भुरीची धास्ती असते, बागायतदार गावची वेस ओलांडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरवायचा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी. या वेळापत्रकात दोघांसाठी आठ दिवस काढणं ही किरकोळ गोष्ट नाही. जी जोडपी ते काढतात त्यांनी ते खरोखर कुठून तरी ओढून आणलेले असतात.

आणि तिथं जाऊन काय होतं? मी पाहिलं ते सांगते. चेन्नईला विमान बदलून दोघं पोर्ट ब्लेअरला, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमला उतरतात आणि दोन दिवस घरचंच बोलतात. सोसायटीचं कर्ज, मुलाची सीईटी, आईंची बीपीची गोळी, मोटरचा जळालेला स्टार्टर. स्वराज द्वीपला जाणाऱ्या बोटीत, सांगलीहून नेलेलं भडंग खातानाही तेच. मग बेटावर कधीकधी फोनची रेंज जाते. राधानगरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, कारण बेटं इतकी पूर्वेला असूनही घड्याळ मात्र आपलंच. सात वाजता मध्यरात्र वाटते. टीव्ही नाही, स्वयंपाक नाही, घरचं बोलून संपलेलं. अशा वेळी दोघांनाही कळतं की पोरं आणि पैसा वगळून आपण कित्येक वर्षांत बोललेलोच नाही. ती शांतता सुरुवातीला अवघड जाते. काहीजण तिला भिऊन दुसऱ्या दिवशी इतर पर्यटकांत जाऊन बसतात, भेंड्या खेळतात. म्हणूनच चाळीस जणांच्या सहलीपेक्षा दोघांनीच जावं या मताची मी आहे, जेवण मनासारखं मिळालं नाही तरी चालेल. जी जोडपी त्या शांततेत टिकून बसतात त्यांच्यात हळूहळू दुसरंच बोलणं सुरू होतं. ‘अहो, तुम्ही त्या वर्षी नोकरी सोडणार होता ना, मला का नाही सांगितलंत?’ असं एखादं वाक्य, जे घरात वीस वर्षं कुकरच्या शिट्टीखाली दबलेलं असतं.

सेल्युलर जेलमध्ये सगळेच जातात आणि कोलू पाहून येतात. सांगलीकरांनी तिथं बाबाराव सावरकरांची आठवण जरूर काढावी. 1909 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. नाशिकला मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी येसूवहिनी दहा वर्षं भेटीच्या परवानगीसाठी झटत राहिल्या आणि ती मिळण्याआधीच 1919 साली गेल्या. त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या जाऊबाई माई अंदमानला आल्या, त्यांची नवऱ्याशी, म्हणजे बाबारावांचे धाकटे भाऊ विनायकराव यांच्याशी, भेट झाली. बाबाराव 1921 ला तिथून परत आले आणि शेवटी 16 मार्च 1945 रोजी सांगलीत वारले. राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, नवरा-बायकोनं एकमेकांना नुसतं पाहायला मिळावं म्हणून दहा वर्षं अर्ज करत राहावं, हे त्या इमारतीत उभं राहून आठवलं तर सोबत आलेल्या माणसाचं शेजारी असणं किती मोलाचं आहे ते सांगावं लागत नाही.

पण पोरं सोबत नसली की दोघांना वेळ मिळतो, असं सरसकट म्हणता येत नाही. आमच्याच उसाच्या फडात ते दिसतं. दिवाळीच्या आसपास बीडकडून, आणि जत-आटपाडीच्या बाजूनंही, ऊसतोडीची जोडपी येतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता, उचलही जोडीला मिळूनच. शाळेतली पोरं गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. पहाटे चारला दोघं फडात, तो तोडतो, ती मोळ्या बांधून वाहते, रात्री खोपीत. पाच-सहा महिने चोवीस तास एकत्र आणि एकमेकांकडे मान वर करून पाहायला उसंत नाही. विश्रांतीचा हक्क आधी त्यांना मिळायला हवा आहे. तो त्यांना नाही म्हणून बाकीच्यांनीही घेऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. हक्क ज्याला मिळाला त्यानं लाजत लपवला तर तो पुढं कुणापर्यंत पोचणार?

आजी-आजोबांबद्दल आपण फार कमी बोलतो. हे सगळे प्रवास त्यांच्या जिवावर चालतात. ज्या बाईला स्वतःच्या लग्नाची तारीख ठाऊक नाही ती सुनेला ‘जा, मी बघते पोरांचं’ म्हणते, आणि आपण ते गृहीत धरून बॅग भरतो. तासगावकडच्या माझ्या ओळखीच्या एका सुनेनं अंदमानहून परतल्यावर सुट्टी टाकली आणि सासू-सासऱ्यांचं मालवणचं बुकिंग करून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, नातवाला तरी सोबत दे. सून म्हणाली, नाही, तो इथंच राहील. दोघं गेली. निघताना सासूबाईंनी आंब्याच्या अढीला कधी हात लावायचा ते पुन्हापुन्हा बजावलं. चार दिवसांनी परत आल्यावर सासऱ्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, ‘काय गं, अंदमानात चालावं फार लागतं का?’