हाक आणि खूणगाठ

एकाच वस्तूने अनेक कामे करावीत, की प्रत्येक कामाला त्याची स्वतंत्र वस्तू असावी, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्याने आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या आरंभीच तो विचारात घेतला आहे. त्याच्या काळी डेल्फीची सुरी म्हणून एक वस्तू प्रसिद्ध होती. एकाच सुरीवर अनेक कामे भागावीत अशा बेताने लोहार ती घडवीत. निसर्ग असा हात आखडता घेत नाही, तो एका कामासाठी एक वस्तू निर्माण करतो आणि एकाच कामासाठी घडलेले साधन ते काम उत्तम करते, असे त्याचे म्हणणे. हा दाखला त्याने स्त्री आणि दास यांच्यातील भेद सांगण्यासाठी दिला. दास्य निसर्गदत्त मानणारा त्याचा तो विचार आपण आज सर्वथा त्याज्य मानतो. साधनांविषयीचे त्याचे निरीक्षण मात्र तेवीसशे वर्षांनंतर आपल्या खिशात येऊन बसले आहे.

ज्या वस्तूने हा प्रश्न नव्याने उभा केला, ती म्हणजे फोन आणि डायरी यांचा एकत्र संसार मांडणारे हातातले यंत्र. आयबीएम कंपनीने अशा यंत्राचा नमुना १९९२ साली अमेरिकेत लास व्हेगास येथे दाखविला आणि ऑगस्ट १९९४ पासून ‘सायमन’ या नावाने ते तेथे विकले जाऊ लागले. त्यात टेलिफोन होता, पत्त्यांची वही होती, भेटीगाठींचे कॅलेंडर होते, गणकयंत्र होते. फॅक्ससुद्धा पाठविता येई. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत फोनच्या करारासह ८९९ डॉलर, आणि बोलत राहिल्यास बॅटरी तासाभरात उतरे. सुमारे पन्नास हजार नग विकले गेले आणि १९९५ च्या आरंभी ते बाजारातून गेलेही. त्यानंतर १९९६ साली नोकियाचे ‘९००० कम्युनिकेटर’ आले. मिटले की फोन, उघडले की छोटी वही व कळफलक. वजन ३९७ ग्रॅम.

त्याच १९९६ साली जेफ हॉकिन्स यांचे ‘पायलट’ हे यंत्र बाजारात आले, आणि त्यात फोन नव्हता. ते यंत्र घडविण्यापूर्वी हॉकिन्स यांनी खिशात मावेल एवढा लाकडाचा तुकडा बाळगला. कोणी भेटीची वेळ मागितली की ते तो ठोकळा बाहेर काढीत आणि त्यावर लिहिल्यासारखे करीत. माणसाला क्षणभरात काय पाहावे लागते, काय टिपावे लागते, हे त्यांनी त्या निर्जीव लाकडाकडून शिकून घेतले. परिणामी पायलट मोजकीच कामे करी, ती चटकन करी आणि दोन लहान बॅटऱ्यांवर काही आठवडे चाले. ॲरिस्टॉटलला ते आवडले असते! परंतु पुढे २००२ साली हॉकिन्स यांच्याच नव्या कंपनीने ‘ट्रिओ’ नावाचे यंत्र काढले आणि त्यात डायरी व फोन एकत्र नांदू लागले. ज्याने डायरीला सुटसुटीतपणा मिळवून दिला, त्यालाच शेवटी तिचा फोनशी विवाह लावून द्यावा लागला.

यामागची कारणे क्षुल्लक नव्हती. दोन यंत्रे बाळगणाऱ्यास डायरीत नंबर पाहून तो फोनवर पुन्हा दाबावा लागे. दोन ठिकाणी दोन पत्ते राहिले तर खरा कोणता, हा घोळ होई. खिसे जड होत. उलट एकच यंत्र घ्यावे, तर डायरीला पडदा मोठा हवा आणि कानाला लावायचा फोन लहान हवा, हा झगडा. शिवाय त्या काळच्या अशा अनेक यंत्रांत नोंदी विजेच्या आधारावरच टिकत. गप्पांमध्ये बॅटरी पूर्ण उतरली आणि संगणकावर प्रत ठेवलेली नसली, की नोंदी पुसल्या जात. बोलण्याने आठवण खाऊन टाकावी, असा हा प्रकार. पुढे यंत्रे सुधारली व हा दोष गेला. तथापि त्याने जे सुचविले त्याचा विचार अजून संपलेला नाही.

फोन ही हाक आहे आणि डायरी ही खूणगाठ आहे, असे आम्ही मानतो. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारणाऱ्या आपल्या आजीला तत्त्वज्ञान ठाऊक नव्हते, पण ती एक नैतिक कृती करीत होती. उद्याच्या स्वतःला ती आज बांधून घेत होती. ‘शनिवारी सायंकाळी मावशीकडे’ असे आपण डायरीत लिहितो, तेव्हा ती सायंकाळ आपली राहत नाही. ती मावशीची होते. डायरी म्हणजे दिलेल्या शब्दांची वही होय. हाकेचे तसे नाही. ती या क्षणातून येते, विचारून येत नाही आणि ताबडतोब उत्तर मागते.

हाक कमी दर्जाची आणि खूणगाठ तेवढी श्रेष्ठ, असे मात्र आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. रात्री आजाऱ्याच्या घरून निरोप आला आणि डॉक्टरांनी वा धर्मगुरूंनी ‘वहीत नोंद नाही’ असे उत्तर दिले, तर आपण त्यांना काय म्हणू? जो फक्त ठरलेलेच करतो, तो शब्दाचा पक्का असेल, पण त्याच्या दाराशी कोणी अडला-नडला जाणार नाही. उलट जो प्रत्येक हाकेला धावतो, त्याचे दार सदैव उघडे, पण त्याच्या शब्दावर कोणी विसंबू शकत नाही. माणसाला दोन्ही पाळायचे असतात. कोणत्या वेळी हाकेसाठी शब्द बाजूला ठेवायचा आणि कोणत्या वेळी शब्दासाठी हाक थांबवायची, हे ठरविणे हाच विवेक.

दोन वस्तू वेगळ्या होत्या, तेव्हा त्या विवेकाला उभे राहायला जागा होती. फोन दिवाणखान्यात वाजे, वही टेबलावर उघडी असे आणि या दोहोंच्या मधली चार पावले माणसाला चालावी लागत. एका यंत्रात त्या आल्या आणि ती चार पावले नाहीशी झाली. दोघी एका घरात राहू लागल्या खऱ्या, परंतु समान हक्काने नव्हे. फोन आला की तो सगळा पडदा व्यापतो आणि उघडलेली वही मागे जाते. वहीतली मावशी मात्र फोनला कधीच मागे सारत नाही. ती फार तर क्षणभर किणकिणते. ओटीवर थांबणारा पाहुणा सरळ माजघरात येऊ लागला, असे म्हटले तरी चालेल. पाहुणा वाईट नाही. त्याची जागा बदलली.

आपल्या देशापुरते पाहिले तर मोबाइलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. पुढे २००३ पर्यंत आपल्याकडे मोबाइलवर आलेला फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. हाक ऐकण्याचेही मोल द्यावे लागे, म्हणून हाक मारणारा विचार करी आणि नंबर देणाराही. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. त्या खर्चाने गरिबाला फोनपासून दूरच ठेवले होते. परंतु पैशाने घातलेला तो उंबरठा गेल्यावर त्याच्या जागी आपण स्वतः दुसरा घातला का, हे विचारण्यासारखे आहे.

यंत्राला आठवण सोपविल्याने आपली स्मृती दुबळी होते, अशीही एक तक्रार ऐकू येते. ती नवी नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात इजिप्तचा राजा थामस हाच आक्षेप लेखनकलेवर घेतो. लेखनाने माणसे विसराळू होतील, असे त्याला वाटते. गंमत अशी, की त्याचा हा आक्षेप लिहून ठेवला गेला म्हणूनच आपल्यापर्यंत पोचला. आमच्या मते दोष आठवण बाहेर ठेवण्यात नाही. पदराची गाठ ही देखील बाहेर ठेवलेली आठवणच. प्रश्न गाठ कोणी मारली, हा आहे. आपण ज्याची काळजी वाहतो त्याच्यासाठी स्वतः नोंद केली, तर ती नोंद हे काळजीचेच रूप होय. यंत्राने आपणहून एखाद्याचा वाढदिवस सांगितला, तयार शुभेच्छाही पुढे केल्या आणि आपण फक्त बोट टेकविले, तर तेथे आठवले कोणाला?

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते, की माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मीळ होते, कारण माहिती लक्षावरच पोसली जाते. निवडीविषयीही त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. माणूस सर्वोत्तमाचा शोध घेत बसत नाही; आपल्या गरजेला पुरेसे काय, हे ठरवून ते मिळताच थांबतो. दुकानातल्या काचेसमोर आपण नेमके उलटे वागतो. आपली गरज न ठरविता यंत्राचे गुण मोजतो आणि यंत्राच्या गुणांवरून आपल्या गरजा ठरवू लागतो.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ‘एक की दोन’ हा प्रश्न दोन परवडणाऱ्यांचा आहे. २००३ साली आलेला नोकियाचा ‘११००’ हा साधा फोन आपल्याकडे गावोगाव पोचला. त्यात विजेरी होती, गजर होता, आठवण करून देण्याची सोयही होती. वीज नसलेल्या घरात किंवा पहाटे होडीवर जाणाऱ्याच्या हातात ती डेल्फीची सुरीच होती, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार दिवाणखान्यात बसणाऱ्यांना नाही. गरिबाच्या घरी अनेक कामांना चालणारी वस्तू ही चैन नसते, काटकसर असते. अर्थात एकाच खुंटीला सगळे टांगले की खुंटी निखळण्याचे भयही वाढते. हॉकिन्स यांच्या यंत्रांचा वारसा सांगणारी पाम कंपनी २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०११ मध्ये त्या यंत्रांचे उत्पादन थांबले. ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा बंद झाली. यंत्रे जातात, शब्द ज्यांना दिले ती माणसे मात्र राहतात.

आज बाजारात फोनपासून वेगळी डिजिटल डायरी शोधू गेल्यास क्वचितच सापडेल. तेव्हा निवड संपली, असे वाटेल. वस्तुतः ती दुकानातून आपल्या घरात आली आहे. एकाच यंत्रातही हाकेला किती वाजू द्यायचे आणि केव्हा गप्प बसवायचे, हे ठरविता येते. फोन साधा ठेवून कागदाची वही बाळगणारेही आहेत, आणि ते मागासलेले नाहीत.

म्हणून यंत्र घेताना किंमत व कॅमेरा पाहण्याआधी प्रत्येक कुटुंबाने आपसांत तीन गोष्टी बोलून घ्याव्यात, असे आम्ही सुचवू. अवेळी आली तरी जिला ‘ओ’ दिलीच पाहिजे, अशी हाक आपल्यावर कोणाकोणाची आहे? असे लोक बहुधा बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. आपण दिलेले शब्द कोठे नोंदले आहेत, आणि हे यंत्र उद्या बंद पडले तर ते आपल्याजवळ राहतील का? आणि जेवताना, आजाऱ्याच्या उशाशी बसताना, मूल काही सांगत असताना हे यंत्र शेजारच्या खोलीत राहू शकेल का? या तिन्हींची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला कोणतेही यंत्र चालेल. ती नसतील, तर खिशात एक असो वा दोन, हाक येत राहील आणि गाठ कशासाठी मारली होती, तेवढे आठवणार नाही.