पायाचा जीर्णोद्धार



वैशाखाचा वद्य पक्ष हा संत चोखामेळ्यांच्या पुण्यस्मरणाचा काळ होय. आपल्या जांबोटीच्या मुलखात हाच काळ कौले परतण्याचा, सरपण कोरडे करून ठेवण्याचा आणि आषाढाच्या झडीसाठी घर सिद्ध करण्याचा असतो. म्हणून आज घराच्या पायासंबंधी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. विषय गवंड्याचा वाटेल. परंतु थोडे धीराने ऐकावे, अशी प्रार्थना आहे.

संत बहिणाबाईंनी वारकरी संप्रदायाला देवालयाची उपमा दिली, तेव्हा पायाचे श्रेय ज्ञानदेवांना आणि कळसाचे तुकोबांना दिले. कळस दुरून दिसतो, त्याला नमस्कार घडतो. पाया मातीत गाडलेला असतो आणि ज्याच्यावर सर्व भार असतो, त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आपल्या घराचेही तसेच आहे. छपरातून एक थेंब गळला, तर आपण रात्री उठून भांडे ठेवतो. पण जोत्याच्या सांध्यातून वर्षानुवर्षे माती वाहून जाते, त्याची दखल कोण घेतो?

पाया एका दिवसात खचत नाही. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. तिकडून उतरणारे ढग आपल्यावर चार महिने रिते होत असतात. पागोळीचे पाणी रोज जोत्याच्या बुडाशी एकाच ओळीत पडते. तेथे आधी चर पडतो, मग चरात पाणी साचते, मग पायाखालची माती मऊ होऊन भाराने दबू लागते. समईची वात जशी तेल वर ओढते, तशी मातीची वा जांभ्याची भिंत खालची ओल वर ओढते. ओल वाळली की क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागून पोपडे सुटतात. त्या ओलीच्या आधाराने वाळवी उंबऱ्याच्या लाकडापर्यंत पोहोचते. घूस पोकळ जागा शोधून बीळ करते. पिंपळाचे रोप सांध्यात रुजते आणि पवित्र म्हणून आपण त्यास हात लावीत नाही. कोवळे असतानाच ते मुळासकट सोडवून माळावर लावावे. तेथे त्याची सावली होईल, भिंतीत मात्र त्याची पाचर होते.

यावर आपण बहुधा काय करतो? सणावाराला पाहुणे यावयाचे म्हणून भेगेवर सिमेंटचा गिलावा ओढतो आणि वर रंग देतो. मातीच्या भिंतीला श्वास घ्यावयाचा असतो. चुन्याच्या वा मातीच्या लेपातून आतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंटचा थर ती आत कोंडतो. बाहेरून भिंत चकचकीत दिसते आणि आतून तिचा चिखल होत असतो. दोष झाकणे आणि दोष काढणे यांत केवढे अंतर आहे, हे समजावयास याहून सोपा दृष्टांत मला माहीत नाही.

सज्जनहो, हा दृष्टांत मी दुसऱ्यावर ठेवून बोलत नाही. आमच्या वडिलार्जित घराच्या पश्चिमेच्या कोपऱ्याला तिरकी भेग पडली होती. दोन दिवाळ्या मी ती लिंपून काढली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्यात बोट शिरू लागले, तेव्हा एका वृद्ध गवंड्यास बोलाविले. मजुरी वाचावी म्हणून मी सुचविले की, सगळा कोपरा एका दिवसात खणून मोकळा करावा. तो खाली बसून भिंतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, एका वक्ताला तीन हात खणतो. त्येच्यावर खणायचं झालं तर आदी तुमी खड्ड्यात उतरा, मग माझी पोरं उतरतील.”

मला उत्तर सुचले नाही. दोन दिवसांची मजुरी मला दिसत होती. भिंतीखाली वाकणारी त्याची मुले मला दिसली नव्हती. नित्य देवपूजा करणाऱ्या मनुष्याची दृष्टी एवढी अधू कशी झाली, हा प्रश्न मी त्या रात्री देवापुढे बसून स्वतःला विचारला. भेग कोपऱ्यात होती, तशी ती माझ्यातही होती.

त्या गवंड्याने जो क्रम पाळला, तो सर्वांनी ध्यानात ठेवावा. प्रथम त्याने पाण्याचा बंदोबस्त केला: पागोळीला पन्हळ लावून पाणी दूर नेले, जोत्याभोवतीची जमीन घरापासून बाहेर उतरती केली आणि वरच्या अंगाला चर खणला. मग भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवून तारीख लिहिली. पट्टी तडकली तर भिंत अजून हलत आहे, असे समजावे. नंतर छपराला टेकू दिले. मग भिंतीखाली एकाआड एक, सुमारे दीड मीटरच्या आतले टप्पे धरून खणले. घट्ट जमीन लागेपर्यंत खाली जाऊन दगड व चुना भरला, तो नीट आवळल्यावरच शेजारचा टप्पा उघडला. घुशीची बिळे ठासून बुजविली. गिलावा सर्वांत शेवटी केला. भेग रुंदावत असेल, भिंत झुकली असेल, तर घरच्या घरी उपाय न करता जाणत्या अभियंत्यास दाखवावे आणि त्या खोलीत कोणासही निजवू नये. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आपल्या बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली, हे आपण विसरलेलो नाही.

आता चोखोबांकडे वळू. शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून त्यांचा अंत झाला. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेविले, त्याच गावाचे कूस ते बांधीत होते! परंपरा सांगते की, नामदेवराय तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून त्यांनी पंढरीस आणल्या. महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. स्वतः नामदेवांनीही त्या दारी पायरी होऊन राहणे पत्करले. एक भिंतीखाली गेला, एक पायरीखाली गेला. आणि त्यांना ओलांडूनच आपण कळसाकडे पाहतो.

समाजाच्या पायातही अशीच पोकळी शतकानुशतके राहिली. तीवर उत्सवांचा गिलावा पुष्कळ झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि दार उघडले. तो खरा जीर्णोद्धार होता, कारण तो पायापासून होता. परंतु दार एकदा उघडले म्हणून काम संपत नाही. पाण्याप्रमाणे भेदभावही दर पावसाळ्यात नवी वाट शोधतो. आपल्या अंगणात खणावयास येणाऱ्या मनुष्यास आपण कोणत्या भांड्यातून पाणी देतो, तो जेवावयास कोठे बसतो, याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी द्यावे.

तेव्हा मंडळींनी एवढाच संकल्प करावा. मृगापूर्वी एक प्रातःकाळ काढून आपल्या घराला जोत्याजवळून प्रदक्षिणा घालावी. जेथे ओल, पोकळी वा भेग दिसेल, तेथे ती झाकू नये. शेजारी कोणी विधवा माता वा एकटे वृद्ध असतील, तर त्यांच्या जोत्याभोवतीही फिरून यावे आणि चार हात मिळून त्यांचा चर उकरून द्यावा. आणि पायात उतरणाऱ्याच्या जिवाची काळजी आपल्या मुलाच्या जिवाइतकी वाहावी.

श्रीपांडुरंग आपणां सर्वांच्या घरांना कोरडी जमीन आणि अंतःकरणांना ओलावा देवो. ही वाक्सेवा चोखोबांच्या चरणी अर्पण असो.