खुर्ची घडवणारा जमिनीवर

मराठवाड्यातल्या मुखेडसारख्या भागात सुताराचं बलुत्याचं काम ठरलेलं असे. नांगर, वखर, तिफण, बैलगाडी, दाराची चौकट. खुर्ची त्यात नव्हती. माणसं घोंगडीवर, पाटावर, फार तर बाजेवर बसत. शब्दही बाहेरचाच, अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. अजूनही खुर्ची म्हटलं की आपल्याला आधी सत्ता आठवते. ती घडवणारा मात्र जमिनीवर, पायानं लाकूड दाबून बसलेला.

खुर्ची बाजेहून अवघड. बाजेवर भार सरळ खाली उतरतो. खुर्चीत माणूस मागे रेलतो आणि सगळा ताण बाजूची पट्टी मागच्या पायात शिरते तिथं येतो. म्हणून मागचा पाय आणि पाठीचा खांब एकाच लाकडातून, किंचित बाक देऊन काढायचा. त्यात लाकडाच्या रेषा तुटल्या की पाय तिथंच मोडतो. पट्टीच्या टोकाला कुसू, पायाला भोक. कुसू ढिलं राहिलं तर खुर्ची डुलते, फार घट्ट झालं तर पाय फाटतो. हे माप टेपवर सापडत नाही. पटाशीनं पापुद्रा काढायचा, बसवून बघायचं, पुन्हा काढायचा. लाकूड ओलं असेल तर ही सगळी मेहनत वाया, कारण आमचा वैशाख ते आकसवतो आणि सांधा उघडतो. किनवटचा साग असो की बांधावरची बाभूळ, सावलीत वाळू द्यावीच लागते.

प्लास्टिकच्या खुर्चीला मी नावं ठेवणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी बसायला खुर्ची दिली नाही, त्यांच्या ओट्यावर ती आली. पण पाय मोडला की ती उकिरड्यावर जाते. लाकडी खुर्चीची खुंटी काढून एक पट्टी बदलता येते, आणि त्यासाठी सुताराला बोलावणं धाडलं जातं.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची कारागिरांसाठीची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही मदत हवीच होती. पण नव्या रंध्यानं पोट भरत नाही, त्याला काम लागतं, आणि ते सरकारच्या नव्हे, आपल्या हातात आहे. घरात खुर्ची घ्यायची असेल तर गावातल्या सुताराला सांगा. लाकूड वाळायला वेळ द्या, मजुरीत घासाघीस करू नका. आणि खुर्ची तयार झाली की तिच्यावर आधी त्याला बसवा.