आधी संशय, मग पाळत

साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलेल्या माणसांवर लोक तुटून पडले. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती, म्हणून केंद्र सरकारने लगेच कंपनीला जाब विचारला. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा कंपनीने जाहीर केली. सरकारला तेवढं पुरेसं वाटलं नाही. संदेश पहिल्यांदा कोणी टाकला ते मोठ्या संदेशसेवांनी शोधून द्यावं, ही अट २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आली. या अटीने पाळतीचा जुना विचारच उलटा केला.

१८८५ च्या तार कायद्याने आणीबाणीच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. मुंबईचे कोरोनर मलकानी यांच्यावरच्या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने टेप केलेलं संभाषण पुरावा म्हणून स्वीकारलं. मात्र निरपराध नागरिकाच्या फोनमध्ये मनमानी ढवळाढवळ चालणार नाही, असंही बजावलं. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने फोन टॅपिंगसाठी गृहसचिवाचा आदेश, मुदत आणि आढावा समिती ही चौकट घालून दिली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं, आणि त्याच्याच आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. या सगळ्या प्रवासात क्रम एकच राहिला: आधी विशिष्ट माणसावर संशय, मग त्याच्या फोनवर कान.

नव्या अटीत हा क्रम राहत नाही. उद्या कोणत्या संदेशाचा उगम विचारला जाईल हे आज ठाऊक नसतं. त्यामुळे प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर आधीच खूण करून ठेवावी लागते. साक्रीच्या बाजारात कांद्याचा भाव कळवणाराही त्यातून सुटत नाही. अशी खूण ठेवायची तर एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही संदेश वाचू न देणारं कुलूप, मोडावं लागतं, आणि ते मोडायला लावलं तर भारत सोडावा लागेल, असं व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. कंपनीला स्वतःचा धंदा सांभाळायचा आहे हे उघड आहे, पण म्हणून तिचा तांत्रिक मुद्दा खोटा ठरत नाही.

पाच जिवांपुढे खासगीपणाचं काय मोठं कौतुक, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण उगम सापडल्याने ते जीव वाचले असते का? त्या वर्षी देशभर फिरलेली, मुलं पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतली जनजागृतीची जाहिरात होती, आणि तिचा शेवट कापलेला होता. तिचा कर्ता गुन्हेगार नव्हता. राईनपाड्याचे आरोपी तर गावात, दिवसाढवळ्या, लोकांसमोर होते. तिथे वेळेवर पोहोचणारी कुमक आणि भटक्यांवरचा जुना संशय पुसणारं काम हवं होतं. गंभीर गुन्ह्यांपुरता आणि आदेशानेच हा अधिकार वापरला जाईल, असा दुसरा युक्तिवाद केला जातो. पण आदेश उगम विचारण्यापुरता लागतो, खूण मात्र आदेशाआधीच झालेली असते. शिवाय टॅपिंगचा आदेश देणारे आणि त्याचा आढावा घेणारे दोघेही सरकारी अधिकारीच असतात. पोलिसांना तपासाची साधनं हवीतच, पण ती संशयितापुरती आणि न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीने. १९९६ मध्ये न्यायालयाने ही पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. आज प्रत्येकाचा सगळा व्यवहार फोनवर आल्यावर ती उणीव भरून काढायलाच हवी.